जंतू एक, व्हर्जन अनेक

आजचा एपिसोड पोटाचा आहे, अगदी शब्दशः.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव ऐकलंय? जठराच्या ॲसिडमध्ये आरामात राहणारा जंतू. पूर्वी अल्सर झाला की खापर टेन्शनवर नाहीतर तिखटावर फुटायचं. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू पकडला. १९८४मध्ये मार्शल यांनी तो चक्क पिऊन दाखवला आणि त्यांच्या जठराला सूज आली! २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता प्रश्न असा, की हा जंतू अब्जावधी लोकांच्या पोटात आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मग काहींनाच अल्सर आणि थोड्यांनाच कॅन्सर का?

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगतो. ॲपचं नाव एक, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये व्हर्जन वेगळं. १९९९मध्ये दोन रुग्णांकडच्या जंतूंचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले, तर प्रत्येकातली ६-७ टक्के जनुकं दुसऱ्यात नव्हतीच.

त्यातलं 'कॅग-ए' हे जनुक महत्त्वाचं. ते असलेले स्ट्रेन सुईसारख्या यंत्रणेनं स्वतःचं प्रथिन आपल्या पेशीत टोचतात आणि पेशीचं काम बिघडवतात. जपान-कोरियाकडचं कॅग-ए तर जास्तच खोडकर, आणि तिथे जठराचा कॅन्सरही जास्त.

पण थांबा, सगळा दोष स्ट्रेनचा नाही. भारतात बहुतेक स्ट्रेनमध्ये कॅग-ए असतं, तरी जठराचा कॅन्सर तुलनेनं कमी दिसतो. म्हणजे आपली जनुकं, खाण्यातलं मीठ, तंबाखू हेही हिशेबात येतात.

आता कामाची गोष्ट. एकाच पोटात दोन स्ट्रेन असू शकतात. एक औषधाला दाद देणारा, दुसरा क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा. 'बरं वाटतंय' म्हणून कोर्स अर्धवट सोडला, की चिवट तेवढा मागे उरतो. म्हणून डॉक्टरांनी १४ दिवस सांगितले तर १४ दिवस, आणि नंतर जंतू गेला का याची टेस्टही करायची.

आणि हो, रोज ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर टेस्टआधी डॉक्टरांना सांगा. त्या गोळीमुळे जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. शौचाला काळं होत असेल किंवा वजन उगाच उतरत असेल, तर मेडिकलच्या काउंटरवर नाही, थेट डॉक्टरांकडे जा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. पोट सांभाळा!