पैशाला गावची वाट दाखविणारे विठ्ठलदास



येरवडा म्हटले की लोकांना तुरुंग आठवतो. महात्मा गांधी तिथे होते, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण येरवड्याच्या टेकडीवरच्या ‘पर्णकुटी’ बंगल्याचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते. १९३३ साली ८ मे रोजी गांधीजी तुरुंगातून सुटले, ते या बंगल्यात येऊन राहिले. अस्पृश्यता जावी म्हणून त्यांनी २१ दिवसांचा उपास धरला होता. तो २९ मे रोजी इथेच सुटला. बंगला होता लेडी प्रेमलीला ठाकरसी यांचा. त्यांचे पती सर विठ्ठलदास तेव्हा हयात नव्हते. आज आम्ही तुम्हाला त्या विठ्ठलदासांची गोष्ट सांगणार आहोत.

विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांचा जन्म १८७३ सालचा. घराणे गुजराती, भाटिया व्यापाऱ्यांचे. मुंबईत त्यांच्या कापडाच्या गिरण्या होत्या. असा माणूस पैसा मिळवून स्वस्थ बसला असता, तर कुणी नाव ठेवले नसते. पण विठ्ठलदास शहराच्या कारभारात शिरले. १९०७ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज आपण ज्यांना महापौर म्हणतो, त्यांना मुंबईत तेव्हा अध्यक्ष म्हणत. महापौर हे नाव १९३१ साली आले. अध्यक्षाने सभा चालवायची, सर्वांचे ऐकून घ्यायचे. रोजचा कारभार मात्र सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या हाती असे.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या अध्यक्षाचा आणि आमच्या नांगराचा काय संबंध? संबंध आहे. ऐका.

त्या काळी शेतकऱ्याला बियाण्याला पैसा लागला, बैल घ्यायला लागला, की सावकाराचे दार. समजा, सावकाराने रुपयाला दरमहा एक आणा व्याज लावले. ऐकायला किती थोडे! पण सोळा आण्यांचा रुपया. बारा महिन्यांचे बारा आणे झाले. म्हणजे शंभर रुपयांना वर्षाचे पंच्याहत्तर रुपये व्याज! मुद्दल तसेच उभे. त्यातून शेतकऱ्याला वाचता येत नसे. कागदावर काय लिहिले ते सावकाराला ठाऊक, अंगठा मात्र शेतकऱ्याचा.

हे दुःख साचत गेले. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी लोक उठले. सावकारांच्या घरांवर चालून गेले, कर्जाचे कागद जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी केली. १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण कागद जाळून गरज जळत नाही. पुढच्या मृगाला बियाणे लागणारच. पैसा कुठून आणायचा?

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. गावातल्या दहा माणसांनी एकत्र यावे, थोडा थोडा पैसा घालावा, एकमेकांच्या शब्दावर कर्ज द्यावे, अशी ही रीत. रीत चांगली, पण गाठीला पैसाच नव्हता. दहा गरीब एकत्र आले म्हणून तिजोरी भरत नाही! विहीर खणली, पण झराच लागला नाही, तशातली गत.

आणि तिकडे मुंबईत पैसा पडून होता. हे विठ्ठलदासांनी हेरले. लल्लूभाई सामळदास हे त्यांचे स्नेही. दोघांनी मिळून योजना केली. शहरातल्या लोकांनी आपला पैसा एका मोठ्या बँकेत ठेवावा. बँकेने तो गावच्या सोसायट्यांना द्यावा. सोसायटीने तो शेतकऱ्याला माफक व्याजाने द्यावा. लोकांना भरवसा वाटावा म्हणून बँकेच्या रोख्यांवरील व्याजाची हमी सरकारने घ्यावी. अशी ही बँक १९११ साली मुंबईत उभी राहिली. आज तिचे नाव महाराष्ट्र राज्य सहकारी बँक आहे. लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता यांनी पुढे अनेक वर्षे ती वाढविली. पुण्यात सहकाराचे शिक्षण देणारी संस्था आहे, ती त्यांच्याच नावाची.

शहराचा प्रमुख झालेल्या माणसाने पैशाला गावची वाट दाखविली, हे या गोष्टीतले मुख्य.

विठ्ठलदासांचे आणखी एक काम सांगतो. पुण्याजवळ हिंगण्याला अण्णासाहेब कर्वे विधवांसाठी आश्रम चालवीत. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. शिकवायचे ते मायबोलीतून. विद्यार्थिनी मोजक्या, पैसा त्याहून मोजका. १९२० साली विठ्ठलदासांनी या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला नाव दिले ते आपले नव्हे, आपल्या आईचे, नाथीबाईंचे. १९२२ साली विठ्ठलदास वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस. पण काम थांबले नाही. विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाल्यावर प्रेमलीलाबाई त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

मंडळी, आम्ही काही श्रीमंताची आरती ओवाळायला उभे नाही. गिरणीतला पैसा कामगाराच्या घामातूनही येतो, हे आम्ही जाणतो. पण पैसा आला, तर तो कुठल्या वाटेने सोडायचा, हे माणसाच्या हाती असते. आणि पैसा वाटेतच जिरू नये, हे पाहणे आपल्या हाती असते. सहकारी बँक झाली, सोसायटी झाली, तरी सभासद झोपला तर नवे सावकार तिथेही बसतात. खुर्ची बदलते, अंगठा तोच राहतो.

म्हणून तुम्हाला आमचे सांगणे एवढेच. तुम्ही आता अक्षर शिकलात. सोसायटीचे पासबुक स्वतः उघडा. मुद्दल किती, व्याज किती, भरले किती, ते बोट ठेवून वाचा. वार्षिक सभेची नोटीस आली की जा. हिशेब वाचून दाखवतील, तेव्हा न समजलेली ओळ पुन्हा विचारा. लाजू नका. घरच्या लक्ष्मीलाही सोबत न्या, तिचेही नाव सभासदांत घाला. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही ओळखीचा माणूस असो.

सुप्याच्या लोकांना कागद जाळावे लागले, कारण ते वाचता येत नव्हते. तुम्हाला ते वाचता येतात. तेव्हा वाचा, आणि मगच सही करा.