रडावं, पण उठावं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



आज आनंदाचा दिवस आहे. तरीही मी दुःखावर बोलणार आहे. कारण दुःख ज्याच्या दारात आलं नाही, असा या सभेत कुणीच नाही.

श्रावस्तीच्या किसा गोतमीची गोष्ट आपण ऐकली आहे. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला मोहरी आणायला सांगितली. अट एकच, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातली. मोहरी घरोघरी होती, पण तसं घर एकही सापडलं नाही. तथागतांनी चमत्कार केला नाही. तिलाच सत्य पाहायला लावलं. पुढे ती भिक्षुणी झाली.

बाबासाहेब आणि माता रमाईंची पाचांपैकी चार मुलं गेली. एकटे यशवंतराव राहिले. लाडका राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्या दिवसांत मित्राला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपलं दुःख लपवलं नाही. पण पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. बाबासाहेब रडले नाहीत असं नाही. रडले, आणि उठले.

मग आला ६ डिसेंबर १९५६. नागपूरच्या दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. समाज पोरका झाला. पण ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर, चितेसमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखावर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर त्रिशरण! आपल्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा त्या गर्दीत होते.

आता थोडं घरचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी दहावीत होतो. वडिलांचं काम गेलं ते गेलंच. वडील दारूत बुडाले आणि दोन वर्षांत वारले. आईने भाजीची पाटी डोक्यावर घेतली. घरची वीज तोडलेली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पोरा, विहारात दिवा आहे ना? तिथं बस." याच विहाराच्या दिव्याखाली मी शिकलो. दुःख एकच होतं. वडील त्यात बुडाले, आई त्यातून चालत राहिली. मी वडिलांना दोष देत नाही. त्यांचा हात धरायला वेळेवर कुणी गेलं नाही, ही खंत आहे.

म्हणून बंधूंनो, कुणाच्या घरी दुःख झालं की आपण पुण्यानुमोदनाला जातो, जेवतो, परततो. एवढ्यावर थांबू नका. महिन्याने पुन्हा जा. पोरं शाळेत जातात का, ते विचारा. घरातला माणूस गुत्त्याकडे वळला तर त्याला वंदनेला घेऊन या. त्या माउलीला एकटी सोडू नका.

दुःख आहे, हे तथागतांनी सांगितलं. त्यातून मार्ग आहे, हेही त्यांनीच सांगितलं. त्या मार्गावर एकमेकांना सोबत देणं, हेच विहाराचं काम.

जयभीम! नमो बुद्धाय!