खिशांतलें टपालघर

कार्ल्याच्या चैत्यगृहांत शिरणारा प्रवासी छताच्या लांकडी कमानी पाहतो, खांबांवरील हत्तीस्वारांच्या जोड्या पाहतो आणि बहुधा तेवढ्यावरच परत फिरतो. परंतु त्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपींत कोरलेले कांहीं लहान लहान लेख आहेत. त्यांतील पुष्कळ ठिकाणीं दोनच गोष्टी मुख्यतः आढळतात : दान देणाराचें नांव आणि तो कोठला तें गांव. कोणी धेनुकाकटचा आहे, कोणी सोपाऱ्याचा आहे. हें शैलगृह सिद्धीस नेणारा श्रेष्ठी भूतपाल वैजयंतीचा आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं मावळांतून जाणाऱ्या माणसाची ओळख पटण्यास एवढें पुरत असे.

ज्या ई-मेलच्या पत्त्याचा विषय निघतांच पुष्कळ घरांतील वडील मंडळी फोन नातवाच्या हातीं देऊन मोकळी होतात, तो पत्ता याहून फारसा निराळा नाहीं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनियरानें एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडण्याची युक्ति साधली. माणसाचें नांव कोठें संपतें आणि ठिकाण कोठें सुरू होतें हें यंत्राला कळावें, म्हणून त्यानें मध्यें ‘ॲट’ हें चिन्ह घातलें. इंग्रजी ‘ए’ला स्वतःचीच शेपटी गुंडाळावी तसें तें दिसतें. चिन्हाच्या डावीकडे नांव, उजवीकडे ठिकाण. भूतपालाच्या लेखाचा आणि या पत्त्याचा सांगाडा एकच.

ठिकाणाचें नांव मात्र पुष्कळदां दगा देतें. एकाच नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत जागोजाग आहेत. वडगांव म्हटलें तर कोणतें, हें मावळांतल्या माणसाला नेहमींच सांगावें लागतें. खुद्द लोणावळ्याचें इंग्रजी स्पेलिंग आजही कोणी एक अक्षर जास्त घालून लिहितो, कोणी तें गाळून लिहितो. टपालखात्यानें या घोटाळ्यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन कोडचा तोडगा काढला. त्याचे रचनाकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यांतील अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतांत नाटकें व काव्यें लिहिणारे व्यासंगी पंडित होते. लोणावळ्याला ४१०४०१ हा आंकडा मिळाला आणि स्पेलिंगाचा तंटा पत्रापुरता मिटला. ई-मेलच्या बाबतींत तो पुन्हां उपस्थित होतो, आणि येथें तो मिटविणारा पोस्टमन नाहीं. पत्त्यांत ‘व्ही’च्या जागीं ‘डब्ल्यू’ पडला कीं पत्र परत येतें; किंवा, त्याहून वाईट, भलत्याच्या हातीं पडतें. आपल्या आडनांवांचें इंग्रजी लेखन ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणें चालतें, त्यामुळें मराठी माणसानें ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयास हवी.

हा खटाटोप करावा तरी कशासाठीं, असा प्रश्न येईल. व्हॉट्सॲपवर सर्व कांहीं भागतें, पत्र कोण लिहितो! प्रश्न गैर नाहीं. भारतांत सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें खुलें केलें. तेव्हां ई-मेल ही परदेशीं मुलें असलेल्या घरांची चैन होती. आतां पत्रव्यवहार हें तिचें गौण काम झालें आहे. अर्जाच्या कागदावर जशी वडिलांच्या सहीची जागा असते तशी आतां ई-मेलची चौकट असते. २०२५ सालीं अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन झाले. पुण्यांतील व पिंपरी-चिंचवडमधील मुलांना त्याची पूर्वींपासून सवय होती. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ यांतील खेड्यांच्या मुलांचा संबंध मात्र त्या सालीं नव्यानें आला. पुढें परीक्षेचें प्रवेशपत्र, शिष्यवृत्ति, नोकरीचें बोलावणें, सर्व त्याच वाटेनें येतें.

आणि नेमका येथेंच एक घातक प्रघात पडला आहे. मुलगी दहावी उत्तीर्ण होते. घरांत फोन एक, तोही बापाच्या खिशांत, आणि बाप भाताच्या खाचरांत. मग ती अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत जाते. “ताई, ई-मेल आहे का?” “नाहीं, दादा.” “मग काढून देतों.” दोन मिनिटांत खातें निघतें. पासवर्ड दुकानदार ठरवितो. तो सगळ्या गिऱ्हाइकांना बहुधा एकच देतो, कारण त्याला लक्षांत ठेवावयास सोपा. पडताळणीसाठीं क्रमांक स्वतःचा घालतो, कारण बापाचा फोन जवळ नाहीं. त्याच्या मनांत कपट असतेंच असें नाहीं. रांग मोठी असते आणि त्यालाही संध्याकाळची शेवटची एस. टी. गांठावयाची असते. परंतु परिणाम काय होतो? घर मुलीच्या नांवाचें आणि किल्ली परक्याच्या कमरेला. दोन वर्षांनीं बारावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळीं ती तें खातें उघडावयास जाते. पासवर्ड आठवत नाहीं, ओटीपी दुकानदाराच्या फोनवर जातो, आणि त्यानें मध्यंतरीं दुकान बंद केलेलें असतें.

हें टाळण्यास विद्वत्ता लागत नाहीं. फोन हातीं घेऊन घरीं बसून पंधरा मिनिटांत होणारें हें काम आहे. बहुतेक स्वस्त फोन अँड्रॉइड जातीचे असतात, तेव्हां त्यांचीच रीत येथें सांगितली आहे. आरंभीं फोनची भाषा मराठी करून घ्यावी. ही सोय असतांना इंग्रजीशीं झटत बसण्यांत पुरुषार्थ नाहीं. नंतर सेटिंग्जमध्यें जाऊन ‘खाती’ हा शब्द शोधावा. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांवर तो थोड्या वेगळ्या जागीं असतो, परंतु असतो खास. त्यांत ‘खाते जोडा’, मग ‘गूगल’, मग नवें खातें तयार करण्याचा पर्याय, आणि तेथें ‘वैयक्तिक वापरासाठी’ हें निवडावें. फोनवर बापाचें खातें अगोदरच असलें तरी अडचण नाहीं. एका फोनवर अनेक खातीं सुखानें नांदतात.

प्रथम नांव विचारलें जातें. येथें शाळेच्या दाखल्यावर आहे तेंच, त्याच स्पेलिंगनें लिहावें. पुढें जन्मतारीख. मूल लहान असलें कीं घरोघर येथें वर्ष मागें ढकलून देण्याचा मोह होतो. भारतांत तेरा वर्षें पुरीं झाल्यावांचून गूगलचें खातें स्वतंत्रपणें चालवितां येत नाहीं, त्याहून लहान मुलाचें खातें आईबापांच्या देखरेखीखालीं उघडण्याची निराळी सोय आहे. ती सोडून खोटी तारीख टाकणें म्हणजे पुढें ओळख पटविण्याची पाळी आली कीं आपल्याच हातानें आपली साक्ष बिघडविणें होय.

मग पत्त्याची निवड. तो सहा ते तीस अक्षरांचा असावा लागतो. इंग्रजी अक्षरें, आंकडे व पूर्णविरामाचा ठिपका एवढीं चिन्हें चालतात. अक्षरें मोठीं कीं लहान याला महत्त्व नाहीं, आणि जीमेलच्या पत्त्यांत मधला ठिपका असला काय नि नसला काय, पत्र तेथेंच पोंचतें. साधें नांव कोणीतरी पूर्वींच घेतलेलें असतें. तरुण मंडळी अशा वेळीं नांवापुढें ‘राजे’, ‘किंग’ अशीं बिरुदें जोडतात. गमतीला तें ठीक. पण हाच पत्ता उद्यां एखाद्या प्राचार्यांच्या टेबलावर जावयाचा आहे. नांव, आडनांव आणि जोडीला गांवाचें नांव, ही कार्ल्याच्या दात्यांची पद्धति आजही सर्वांत चांगली. फोनवर कोणाला सांगतां येईल आणि ऐकणाराला चुकल्याशिवाय लिहितां येईल असा पत्ता हवा. जन्मसाल मात्र त्यांत घालूं नये. ती माहिती गांवभर वांटण्याचें कारण नाहीं.

आतां पासवर्ड. सरकारी कागदांवर याला ‘संकेतशब्द’ म्हणतात. शब्द चांगला आहे, बोलतांना मात्र तो कोणाच्या तोंडीं येत नाहीं. कमींत कमी आठ अक्षरें मागितलीं जातात, बारा-पंधरा असावींत. मुलाचें नांव, मोटारसायकलचा क्रमांक, फोनचा क्रमांक हे पासवर्ड नव्हेत, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक असतात. त्यापेक्षां एकमेकांशीं संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहून मध्यें एखादा आंकडा घालावा. असा पासवर्ड लक्षांतही राहतो आणि दुसऱ्याला सुचतही नाहीं. तो कोठेंही लिहून ठेवूं नये असा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो. नोकरदार माणसाला तो ठीक असेल. चार माणसांत एक फोन असलेल्या घरांत मात्र तो वहींत लिहून, रेशनकार्ड व सातबारा ज्या पेटींत असतात त्या पेटींत ठेवणेंच शहाणपणाचें आहे. पेटीपर्यंत पोंचणारा चोर आणि इंटरनेटवरचा चोर हे एकच नसतात.

यानंतर फोनच्या क्रमांकाची पडताळणी होते. डोंगराच्या आड वसलेल्या वाडीवर, विशेषतः श्रावणांतल्या झडींत, ओटीपी येण्यास वेळ लागतो. अशा वेळीं अधीर होऊन पुनःपुन्हां मागणी करूं नये. तीन ओटीपी एकदम येऊन पडतात आणि त्यांतला चालणारा कोणता हें कळेनासें होतें. हा क्रमांक घरांतल्याच माणसाचा असावा, आणि जें सिम दीर्घकाळ चालू राहणार असेल तेंच द्यावें. यामागें कारण आहे. रीचार्ज न केल्यामुळें बंद पडलेला क्रमांक कंपनी ९० दिवसांपर्यंत दुसऱ्या कोणास देत नाहीं. त्यानंतर तो देतां येतो. म्हणजे आज आपल्या खात्याची राखण करणारा क्रमांक उद्यां एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या खिशांत वाजूं शकतो. सिम बदललें कीं त्याच दिवशीं खात्यांतील क्रमांकही बदलावा. शिवाय, खातें बंद पडल्यास परत मिळविण्यासाठीं दुसरा ई-मेल पत्ता देण्याची सोय असते. तेथें मोठ्या भावाचा किंवा मामाचा पत्ता घालावा, दुकानाचा नव्हे. आणि ओटीपी विचारणारा फोन कोणाचाही असो, बँकेचा म्हणो कीं कंपनीचा, तो सांगूं नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवितां येते.

शेवटीं अटींचें लांबच लांब पान येतें, तें मान्य केलें कीं खातें उघडलें. तें उघडल्यावर पहिलें पत्र स्वतःलाच पाठवून पाहावें. विषयाच्या जागीं दोन शब्द, खालीं चार ओळी, आणि कागदाच्या पिनेसारख्या चिन्हावर बोट ठेवून गुणपत्रिकेचा फोटो जोडावा. एक घर सोडून दुसऱ्या घरीं जाण्यास लागतो त्याहून कमी वेळांत तें परत येतें. न आल्यास ‘स्पॅम’ नांवाचा कप्पा उघडावा. नको असलेलीं पत्रें यंत्र तेथें लोटतें आणि लोटतांना कधीं कधीं कामाचेंही लोटतें. प्रवेशाच्या दिवसांत तो कप्पा रोज पाहण्याची संवय फार उपयोगी पडते.

कॉलेजकडून किंवा कचेरीकडून मिळालेला निराळा पत्ता असेल, तर तोही त्याच जीमेलच्या ॲपमध्यें जोडतां येतो. तेथें ‘आयमॅप’ व ‘पॉप’ असे दोन शब्द पुढें येतात आणि माणूस गोंधळतो. अर्थ सोपा आहे. पॉप म्हणजे टपालकचेरींतून पत्रें उचलून घरीं आणणें. बहुधा तीं मग कचेरींत राहत नाहींत. आयमॅप म्हणजे पत्रें कचेरींतच ठेवून घरबसल्या वाचणें. फोन भुशीच्या धरणावर सहलीला गेलेल्या मुलाच्या हातून पाण्यांत पडला, तर पॉपवाल्याचीं पत्रें त्याबरोबर बुडण्याचा संभव असतो. आयमॅपवाला नवा फोन घेऊन पासवर्ड घालतो आणि सर्व पत्रें जशींच्या तशीं समोर येतात. तेव्हां आयमॅपच निवडावें. पत्र बाहेर धाडण्याची वाट वेगळी असते, तिला ‘एस. एम. टी. पी.’ म्हणतात. ती आंकडेवारी कॉलेजकडून लिहून आणावी. अंदाजानें भरूं नये.

खातें उघडून तसेंच टाकून देणेंही बरें नव्हे. सतत दोन वर्षें न वापरलेलें खातें गूगल काढून टाकूं शकतें, असा नियम २०२३ सालीं झाला आहे. महिन्यांतून एकदां तरी तें उघडावें.

राहिली बापाच्या फोनवर खातें उघडणारी ती मुलगी. यथावकाश तिला स्वतःचा फोन मिळेल आणि ती मळवलीहून किंवा कामशेतहून लोकल पकडून पुण्यास कॉलेजला जाऊं लागेल. त्या वेळीं प्रथम नव्या फोनवर आपला पत्ता व पासवर्ड घालून खातें उघडावें आणि पत्रें दिसतात याची खात्री करून घ्यावी. मग खात्यांतील क्रमांक बदलून आपला नवा घालावा. त्यानंतर बापाच्या फोनवरील सेटिंग्जमध्यें जाऊन तेथून तें खातें काढून टाकावें. ‘काढून टाका’ या शब्दाला भिण्याचें कारण नाहीं. त्यानें त्या फोनवरून खातें जातें, पत्रें जातीं तेथेंच राहतात.