बाळाचे ठोके किती, ते विचारा

आम्ही बचत गटाच्या बाया. एरवी आम्ही हप्ते, व्याज आणि पासबुकावर बोलतो. आज हिशेब वेगळा आहे, पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या सुनेला नववा महिना लागला होता. एक दिवस ती दुपारपासून म्हणत होती, "बाळ आज गप्प आहे." मोठ्या बायका म्हणाल्या, "दिवस भरत आले की बाळ शांत होतं, सकाळी बघू." त्या मोठ्या बायकांत आम्हीही होतो. रात्री आशाताईंना कळलं आणि त्यांनी लगेच गाडी बोलावली. दवाखान्यात बाळाचे ठोके शंभराच्या खाली भरले. सिझर झालं. बाळ वाचलं, पण काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं. तेव्हापासून गरोदर बाईपुढे "सकाळी बघू" म्हणायचं आम्ही सोडलं.

पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण 110 ते 160 असतात, म्हणजे आपल्या नाडीपेक्षा बरेच जास्त. डॉप्लर नावाच्या हातातल्या यंत्राने ते साधारण बाराव्या आठवड्यापासून ऐकू येतात. कर्ण्यासारख्या नळीने ऐकायचे तर पाचवा-सहावा महिना उलटावा लागतो. नर्सताई ठोके मोजताना आपलं मनगटही धरतात, कारण आईची नाडी बाळाची समजायला नको. त्या पूर्ण एक मिनिट मोजतात, तेव्हा घाई करू नका. मग विचारा, "ताई, किती भरले?" आणि आकडा कार्डावर लिहून घ्या. यात लाजायचं काही नाही.

शंका आली तर पोटाला दोन पट्टे बांधून कागदावर आलेख काढतात. बाळ हललं की ठोके वाढतात का, ते त्यात दिसतं. साधारण वीस मिनिटं लागतात, दुखत नाही. कळा सुरू झाल्यावर तर ठोके पुन्हा पुन्हा ऐकावेच लागतात.

काही जणी म्हणतात, ठोके जास्त तर मुलगी, कमी तर मुलगा. यात काही तथ्य नाही. ठोके बाळाची तब्येत सांगतात, बाकी काही नाही.

दोन तपासण्यांच्या मधले दिवस मात्र आपलेच. आपलं बाळ रोज कधी आणि किती हलतं, हे आईइतकं कुणालाच कळत नाही. ते नेहमीपेक्षा कमी हललं, किंवा हलायचं थांबलं, तर त्याच वेळी निघायचं, रात्र असली तरी. घरी आणलेल्या यंत्रावर किंवा मोबाइलवर ठोके ऐकून निश्चिंत होऊ नका. कधी आपलीच नाडी बाळाची वाटते. शिवाय ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीकच आहे, असं नसतं.

गाडीसाठी 102 किंवा 108 लावा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तीही चुकवू नका.

आमच्या गटाने त्या रात्रीनंतर एक ठराव केला. गरोदर बाईच्या गाडीभाड्यासाठी दोन हजार रुपये पेटीत कायम वेगळे ठेवायचे. आधी पैसे द्यायचे, सह्या नंतर. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल ना?

आणि सासूबाईंनो, सून म्हणाली "बाळ गप्प आहे", तर पायात चपला घाला आणि तिच्यासोबत निघा.