श्रवणयंत्र : विम्याबाहेरचा खर्च आणि समाजाचे कर्तव्य

‘श्रावक’ या शब्दाचा उगमच ऐकण्यात आहे. जो श्रवण करतो, तो श्रावक. परंतु बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकाठच्या गावात सत्तरी ओलांडलेला एखादा श्रावक व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसतो, शेजाऱ्याने हात जोडले की आपलेही हात जोडतो आणि घरी सुनेने “आज महाराजसाहेब काय म्हणाले?” असे विचारले की विषय बदलतो. पुढे तो येणेच थांबवतो. घरच्यांना वाटते, धर्मकार्यातील रस संपला. वास्तविक संपलेली असते ती कानाची शक्ती.

वाढत्या वयात अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम उच्च स्वर जातात. म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. अशा वेळी मोठ्याने ओरडून उपयोग नसतो. बहुतेकांना श्रवणयंत्रच उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात १५० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असेही संशोधक सांगतात.

मग यंत्र का घेतले जात नाही? कारण सरळ आहे. यंत्राची किंमत काही हजारांपासून लाखाच्या वर जाते, आणि वर्षानुवर्षे हप्ते भरलेला मेडिक्लेम येथे सहसा उपयोगी पडत नाही. या विम्याची रचनाच रुग्णालयात दाखल होण्याभोवती झालेली आहे. श्रवणयंत्र मात्र चष्म्याप्रमाणे बाहेर विकत घेतले जाते. शिवाय विमा अनिश्चित संकटासाठी असतो. उतारवयातील बहिरेपणा मात्र इतका सर्वसामान्य आहे की तो जोखीम न राहता ठरलेला खर्च बनतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही मुख्यतः रुग्णालयीन उपचारांसाठीच आहे. ही अडचण केवळ येथीलच नाही. अमेरिकेतील वृद्धांच्या मूळ सरकारी विम्यातही श्रवणयंत्राचा समावेश नाही. ब्रिटनने मात्र १९४८ पासून सार्वजनिक आरोग्यसेवेतून ती विनामूल्य देण्यास आरंभ केला.

शासनाने काही दारे उघडली आहेत, ती प्रथम ठोठावली पाहिजेत. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाच्या मर्यादेत साहाय्यक साधने मिळतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र देण्याची सोय करण्यात आली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद केली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

तथापि मधला माणूस या सर्वांतून सुटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास असावा लागतो. ५० डेसिबल ऱ्हास असलेला छोटा दुकानदार गिऱ्हाइकाचे बोलणे चुकीचे ऐकतो, पण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्याचे उत्पन्न योजनेसाठी अधिक असते आणि यंत्रासाठी अपुरे. मदत मागणे त्याच्या स्वभावात नसते. म्हणून तो गप्प बसतो.

येथे व्यापाऱ्याचा हिशेब उपयोगी पडेल. समजा यंत्र ३६,००० रुपयांचे आहे आणि ते पाच वर्षे टिकले. घसारा दिवसाला २० रुपयांहून कमी पडतो. बॅटरी व देखभाल वेगळी. खर्च अवाक्याबाहेरचा नाही. एकदम द्यावी लागणारी रक्कम अवाक्याबाहेरची आहे. तेव्हा दानापेक्षा फिरता निधी हा योग्य उपाय ठरेल. १,८०,००० रुपयांच्या निधीतून पाच यंत्रे येतील. प्रत्येकाने बिनव्याजी १,५०० रुपयांचा मासिक हप्ता चोवीस महिने भरला, तर पाच महिन्यांत ३७,५०० रुपये परत येतील आणि सहावे यंत्र घेता येईल. घेणाऱ्याची मान ताठ राहील आणि निधीही आटणार नाही.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. कानाच्या डॉक्टरांची तपासणी व श्रवणालेख झाल्याशिवाय यंत्र घेऊ नये. काही वेळा केवळ साठलेला मळ काढूनही भागते. यंत्र कानाला जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे पुन्हा पुन्हा जाण्याची व्यवस्था असावी, अन्यथा ते कपाटातच पडून राहते. आणि लाभार्थींची नावे फलकावर लावू नयेत.

सुवर्णमहोत्सवी वर्षात इमारतीच्या भिंतींना रंग लागतोच. त्याच वर्षी पाच वृद्धांना नातवंडांचे बोलणे पुन्हा ऐकू आले, तर पन्नास वर्षांच्या सेवेचे सार्थक होईल. त्यातील एखादा श्रावक पुन्हा पुढच्या रांगेत येऊन बसेल आणि घरी परतल्यावर सुनेच्या प्रश्नाला उत्तर देईल.