मुलांचं लिहिणं आणि घरातला मोबाईल

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



आपण मुलांना मोबाईलवर लिहायला शिकवतो, त्याचा अनुभव सांगा, असं समितीने मला सांगितलं. मी काही मास्तर नाही. १९८९ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि साचेखात्यात उमेदीची वर्षं गेली. शाळा नववीत सुटली होती. पुढचं जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा बोलण्यात चुकभूल झाली तर पोटात घाला.

विहारात आपला रविवारचा वर्ग होताच. आठवी ते दहावीची मुलं-मुली यायची. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, शाळा बंद, आमची गिरणीही थांबली ती थांबलीच. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा माणसं. एक दिवस एका पोराचा फोन आला, "काका, वर्ग कधी भरणार?" मला उत्तर सुचेना. वस्तीतली कॉलेजात शिकणारी एक ताई म्हणाली, "काका, मोबाईलवर भरवू या." तिच्यामुळे हे सुरू झालं. श्रेय तिचं आहे.

आधी झूमवर प्रयत्न केला. फुकटातली मीटिंग ४० मिनिटांनी तुटायची, आणि निम्मी मुलं आवाज येतोय का नाही हेच विचारत बसायची. शिवाय कॅमेरा कुणी लावेना. आम्ही रागावलो. मग ताईच्या लक्षात आलं, मुलांना मागची खोली दाखवायची नव्हती. आजारी आजोबा, वाळत घातलेले कपडे, सगळं एकाच भिंतीला. त्या दिवशी कॅमेरा बंद केला तो कायमचा. व्हॉट्सअॅपवर गट केला. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. म्हणून रात्री ९ वाजता काम द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कधीही पाठवायचं, असं ठरलं.

पहिला विषय दिला 'माझी आई'. सगळ्यांच्या आया सारख्याच निघाल्या! पहाटे उठणाऱ्या, प्रेमळ, मायेचा सागर. एकाची आई तर अंगणातल्या तुळशीला पाणी घालत होती. मी म्हटलं, "बाळा, आपल्या चाळीत अंगण कुठं आणि तुमच्या घरात तुळस कुठली?" पोरगा हसला. कुठून तरी उतरवलं होतं.

चूक पोरांची नव्हती, प्रश्नच चुकीचा होता. दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, "काल संध्याकाळी ७ ते ८ तुमच्या घरात काय झालं? डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहा. दहा ओळी. 'छान', 'सुंदर', 'प्रेमळ' हे शब्द बंद." त्याच पोराने लिहिलं, की आईने रेशनच्या पिशवीतली चिल्लर दोनदा मोजली, तांदळाच्या डब्याखाली ठेवली आणि मला म्हणाली, तू बघितलं नाहीस. बंधूंनो, मी तो मजकूर चार वेळा वाचला.

ज्यांचा हात लिहायला अडतो, त्यांना आम्ही आधी बोलायला सांगतो. बोलून आवाज पाठवायचा, मग आपलाच आवाज ऐकून वहीत उतरवायचा. हल्ली फोनसमोर मराठीत बोललं की तो स्वतःच टाईप करतो. पण आजीचा शब्द त्याला कळत नाही. तो भलताच शब्द घालतो. तिथे मुलांनी आजीचाच शब्द पुन्हा लिहायचा, हा नियम. तथागतांनी धम्म ज्याला त्याला आपल्या भाषेत शिकायची मोकळीक दिली, मग आपण आजीची भाषा का खोडायची? ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू.

दुसऱ्याचं लिहिलेलं वाचलं की दोनच गोष्टी सांगायच्या. कोणती ओळ मनात राहिली, आणि कुठे कळलं नाही. नुसता अंगठा पाठवायचा नाही. आपल्या आजे-पणज्यांनी अंगठे पुष्कळ उठवले! ज्याला प्रश्न आला त्याने तेवढा भाग पुन्हा लिहायचा. लिहायला शिकणं म्हणजे निम्मं पुन्हा लिहिणंच.

आता माझी चूक सांगतो. तीच सांगायला मी मुख्यतः उभा आहे.

२०२१ मध्ये दहावीतल्या एका मुलीने वडिलांवर लिहिलं. त्यांचं काम सुटलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि फोनच्या रिचार्जवरून एका रात्री कसे ओरडले, ते सगळं होतं. लिखाण इतकं खरं, की मला राहवलं नाही. वस्तीच्या मोठ्या गटावर मी ते पाठवलं. खाली लिहिलं, 'वाचा, आपल्या मुली काय लिहितात!' तिला विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. तिचे वडील दारात आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "भाऊ, माझं घर तुम्ही चौकात नेऊन ठेवलंत." मी गटावरून ते काढलं, पण तोवर ते दुसऱ्यांच्या फोनमध्ये गेलं होतं. कागद फाडता येतो, हे फाडता येत नाही. मुलीने गट सोडला.

मी त्यांच्या घरी गेलो. आधी मुलीची माफी मागितली, मग वडिलांची. मला तर कळायला हवं होतं. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसताना लिहायच्या आणि ते घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. हे मी भाषणात कितीदा सांगितलं. पण लिहिणारीला लपवावं का लागतं, याचा विचार मी केला नव्हता.

तेव्हापासून आमचे नियम आहेत. मुलाने लिहिलेलं त्या मुलाचं. विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. हो म्हटलं तरी एक दिवस थांबून पुन्हा विचारायचं. नाव बदलायची मुभा. गटात दोन मोठी माणसं, त्यात एक बाई असलीच पाहिजे, आणि मोठ्याने मुलाशी एकट्याने चोरून बोलायचं नाही. मात्र लिखाणात मारहाण किंवा त्याहून वाईट काही दिसलं, तर त्याला साहित्य म्हणून वाहवा करत बसायचं नाही. मुलाशी बोलून मदत मिळवायची. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येकाने लिहून ठेवा.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेलं आपण पिढ्यान्पिढ्या सोसलं. आपलं आपण लिहायला लागलो त्याला अजून फार दिवस झाले नाहीत.

आता निबंध लिहून देणारं यंत्रही फोनमध्ये आलंय. मुलं विचारतात, मग आम्ही कशाला लिहायचं? मी सांगतो, काल संध्याकाळी ७ वाजता ते यंत्र तुझ्या घरात नव्हतं, तू होतास.

आई-वडिलांना हात जोडून विनंती. रात्री तासभर मोबाईल मुलांना द्या. लिहिताना खांद्यावरून डोकावू नका. वाचून दाखवलं तर ऐका, आणि घराविषयी कडू लिहिलं म्हणून लगेच हात उगारू नका.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. चार महिने ती गप्प होती. मग एका रात्री तिने ताईला आवाज पाठवला, "ताई, नवीन लिहिलंय. काकांना ऐकवलं तर चालेल. पुढे नाही." मी ऐकलं. त्यात काय होतं ते मी आजही सांगणार नाही.

स्मरणिकेसाठी समितीने मुलांचं लिखाण मागितलं. आम्ही सात जणांना विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पाच जण हो म्हणाले, त्यांचं छापलंय. दोघं नाही म्हणाले, त्यांचं वहीतच आहे. ते पाच वाचा, आणि उरलेले दोन कुणाचे याची चौकशी करू नका.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम.