श्वानाचा कान : स्वच्छता आणि औषधांची निवड

(पेडणे तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात, पावसाळ्यापूर्वी भरलेल्या पशुपालक मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पशुपालनाचा मेळावा म्हटला की गाय, म्हैस आणि दूध सोसायटी यांविषयी बोलावयाचे, अशी आपली रीत आहे. आजचा विषय कुत्र्याचा कान आहे असे सरपंचांनी जाहीर केले, तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. त्यात वावगे काही नाही. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार श्वान बसलेले आपण रोज पाहतो. परंतु दाराशी बसलेल्या श्वानाचा कान वर्षातून एकदा तरी उलटून पाहणारा मनुष्य विरळाच. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. वैद्यकी हा माझा विषय नव्हे. खात्यातील पशुवैद्यांकडून जे समजावून घेतले, ते आपल्या भाषेत आपणापुढे ठेवीत आहे.

हा विषय क्षुल्लक का नाही, ते प्रथम सांगतो. आपल्या वाड्यावाड्यांतून वारंवार घडणारा क्रम असा : कुत्रा मान हलवू लागतो, पायाने कान खाजवतो. घरातले कोणीतरी कोमट खोबरेल तेल ओतते. आठ दिवसांनी वास येऊ लागला की औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली येते. कानात फेस उसळतो आणि मळ निघाला असे समाधान मिळते. वास्तविक त्या फेसाने आतली सोललेली कातडी अधिकच पोळलेली असते. मग एक दिवस घरातले मूल लाडाने कुत्र्याचे डोके कुरवाळते, हात दुखऱ्या कानाला लागतो आणि कुत्रा चावतो. ‘कुत्रा बिथरला’ असा निवाडा होतो. कोणी त्याला कायमचे साखळीला बांधतो, कोणी दूरच्या बाजारात नेऊन सोडतो. त्या मुक्या प्राण्याचा अपराध एवढाच की त्याचा कान ठणकत होता आणि ते त्याला सांगता येत नव्हते.

आता कानाची रचना पाहू. कारण सर्व घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. माणसाची कर्णनलिका आखूड आणि बहुतांशी सरळ असते. कुत्र्याची नलिका प्रथम खाली उतरते आणि मग काटकोनात वळून आत जाते. इंग्रजी ‘एल’ अक्षर डोळ्यांपुढे आणावे. पडदा त्या वळणापलीकडे असतो. म्हणून आपण काडीला कापूस गुंडाळून आत घालतो तेव्हा मळ बाहेर येत नाही. तो वळणापाशी ठासला जातो, जसा तोफेत दारूगोळा ठासावा तसा. काडी जोराने गेली तर पडद्यालाही इजा होते. काडी, केसात घालायची पिन, पेन्सिल, यांपैकी काहीही कुत्र्याच्या कानात घालू नये. डोळ्यांना दिसेल आणि बोट सहज पोचेल तेवढाच भाग पुसावा.

निरोगी कान स्वतःला स्वच्छ ठेवतो, ही गोष्ट ऐकून मला स्वतःला नवल वाटले. आतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळही बरोबर घेऊन येते. तेव्हा ज्या कुत्र्याचा कान आतून फिकट गुलाबी, कोरडा व वासरहित आहे, त्याच्या कानात दर रविवारी काही ना काही ओतण्याचे कारण नाही. वारंवार धुतल्याने उलट कातडी भिजून मऊ पडते आणि रोगाला वाट मिळते. आपल्या गावठी कुत्र्यांचे कान बहुधा उभे असतात, त्यांत वारा खेळतो. त्यांना हा त्रास कमी. परंतु अलीकडे गावोगाव लॅब्रडॉर आणि कॉकर स्पॅनियल जातीची लोंबत्या कानांची कुत्री दिसू लागली आहेत. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, दमट हवा आणि वर झाकण घातल्यासारखी कानाची पाळी, असा संयोग जुळला की कातडीवर मुळातच थोड्या प्रमाणात असणारे मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट आत फोफावते. समुद्रात किंवा तळीत पोहून आलेल्या कुत्र्याचे कान मऊ फडक्याने कोरडे करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कान आजारी झाल्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. तपकिरी चिकट मळ व आंबूस वास असेल तर बहुधा यीस्ट. पिवळा अथवा हिरवट पू व असह्य दुर्गंधी असेल तर जिवाणू. कॉफीच्या भुकटीसारखा काळा कोरडा मळ, विशेषतः पिलांत, असेल तर कानातल्या सूक्ष्म किडीचा संशय घ्यावा. ही कीड मांजराकडून कुत्र्याला व कुत्र्याकडून मांजराला लागते, सबब घरातल्या दोघांनाही दाखवावे. पाऊस सरल्यावर माळावरच्या गवताला कुसळे धरतात. रानातून आलेला कुत्रा एकाएकी एकच कान झाडू लागला, तर कुसळ आत गेले असे समजावे. ते आत आत सरकते. घरी चिमटा घालून काढण्याचा प्रयत्न करू नये. सतत मान झाडल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी पुरीसारखी टम्म फुगते. ती सुईने टोचून फोडणारे महाभाग आहेत. तसे कदापि करू नये. मान एका बाजूला कलली, तोल जाऊ लागला, जबडा उघडताना कुत्रा ओरडला, तर रोग पडद्यापलीकडे गेल्याचा संभव असतो. अशा कानात पाण्याचा थेंबही न घालता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वर मी ‘बहुधा’ हा शब्द वापरला, तो जाणूनबुजून. नक्की काय झाले आहे हे वासावरून ठरत नाही. पशुवैद्य कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि यीस्ट की जिवाणू हे काही मिनिटांत सांगतात. पडदा शाबूत आहे का, तेही दुर्बिणीने पाहतात. ही तपासणी महत्त्वाची, कारण जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी काही औषधे फाटलेल्या पडद्यातून आत गेली तर बहिरेपणा येऊ शकतो. शेजाऱ्याच्या कुत्र्याचे उरलेले थेंब आपल्या कुत्र्याच्या कानात घालणे, हा आपल्याकडचा शेजारधर्म येथे सोडून द्यावा. अर्धवट औषधांनी जिवाणू निगरगट्ट होतात. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या रोगात नलिकेची भिंत जाड होत होत कठीण बनते आणि अखेरीस संपूर्ण नलिका शस्त्रक्रियेने काढावी लागते. कानाचा रोग पुन्हा पुन्हा उलटत असेल तर मूळ कारण बहुधा कातडीच्या ॲलर्जीत असते. ते पाहिल्यावाचून नुसती कानाची धुलाई व्यर्थ.

आता दुकानातून आणावयाच्या वस्तूंविषयी. दुकानदाराकडे दोन प्रकारच्या बाटल्या असतात आणि त्यांतला भेद ठाऊक असला पाहिजे. एक कान धुण्याचे द्रावण, दुसरे औषधी थेंब. धुण्याच्या द्रावणात मळ सैल करणारा पदार्थ असतो आणि बहुतेकदा लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक आम्लासारखे सौम्य, कोरडेपणा आणणारे द्रव्य. औषधी थेंबांत जिवाणूनाशक, यीस्टनाशक आणि सूज उतरविणारे स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. हे थेंब पशुवैद्याने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. जनावरांच्या औषधावर, ते माणसांसाठी नसून केवळ पशुचिकित्सेसाठी आहे अशी सूचना आणि जनावराच्या मस्तकाचे चिन्ह छापण्याचा कायद्याने दंडक आहे. ते चिन्ह पाहावे, मुदत पाहावी, आणि बाटली उघडल्यावर किती दिवस चालते तेही वाचावे. ज्या द्रावणात अल्कोहोल पुष्कळ आहे ते लालबुंद कानात आगीसारखे झोंबते. एकदा झोंबले की तो कुत्रा पुढे कानाला हात लावू देत नाही. माणसांच्या कानाचे थेंब, बोरिक पावडर, लसणीचे तेल, कडक व्हिनेगर हे सर्व बाजूला ठेवावे. तेल मळ धरून ठेवते आणि डॉक्टरांना आत काही दिसू देत नाही. पावडरीचे ओलाव्याने खडे बनतात. गोचिडी किंवा अळ्या दिसल्या म्हणून रॉकेल, टर्पेंटाइन वा फिनेल ओतणे हा तर शुद्ध छळ होय. महागडी बाटली तेवढी चांगली, असेही मानू नये. सुगंधाचे पैसे कुत्र्याला नको असतात.

धुण्याची रीत अशी. दोघांनी मिळून करावे, एकाने कुत्र्याशी बोलत त्याला धरावे. बाटली तळहातात धरून कोमट करावी, कारण थंड द्रव कानात पडताच कुत्रा दचकतो. पाळी हळूच वर उचलून नलिका भरेल इतके द्रावण सोडावे; बाटलीचे तोंड कानाला टेकवू नये. मग कानाच्या मुळाशी, जबड्यामागे, वीस-तीस सेकंद चोळावे. आतून चुबुक चुबुक असा आवाज आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोचले. नंतर हात सोडून बाजूला व्हावे आणि कुत्र्याला मनसोक्त मान झाडू द्यावी. हे काम अंगणात करावे, ओसरीवर नको. भिंतीवर शिंतोडे उडतात. शेवटी बोटाला कापूस किंवा गॉझ गुंडाळून बाहेर आलेला मळ टिपावा, दुसऱ्या कानाला नवा कापूस घ्यावा. चोळताना कुत्रा कळवळला तर तेथेच थांबावे. औषधी थेंब सांगितले असतील तर कान थोडा सुकू द्यावा आणि मगच घालावेत.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. रस्त्यावरील काही कुत्र्यांच्या कानाला व्ही अक्षरासारखी खाच दिसते. मुलांना ती जखम वाटते व ती औषध लावावयास जातात. निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण झाल्याची ती खूण आहे, हे त्यांना सांगावे. गोव्यात २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज संस्था यांच्या सहकार्याने लसीकरणाची मोहीम चालली आणि २०२१ मध्ये आपले राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तरीही कान साफ करताना अथवा अन्य वेळी कुत्र्याने दात लावला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्रात जावे. पाळीव कुत्र्याची लस झाली आहे म्हणून घरीच हळद लावून बसू नये.

माझे बोलणे येथे थांबवतो. डॉक्टरसाहेब आले आहेत आणि सरपंचांनी आपला कुत्रा प्रात्यक्षिकासाठी आणला आहे. आपण सर्वांनी अंगणात यावे. मुलांनी मात्र पायऱ्यांवरच बसावे आणि कुत्र्याभोवती गर्दी करू नये.